नोटेवरची कर्जबाजारी

(टोकियोच्या योशिवारा या वेश्यावस्तीच्या दाराशी दुकान थाटून बसलेल्या आणि त्या वस्तीचे जग जपानी साहित्यात आणणाऱ्या हिगुची इचियो या लेखिकेच्या अवघ्या चोवीस वर्षांच्या आयुष्याची ही कहाणी.)

जपानमध्ये १ नोव्हेंबर २००४ रोजी पाच हजार येनची नवी नोट चलनात आली. नोटेवर एका तरुण स्त्रीचा चेहरा होता. केस मागे घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर सुरकुती नाही, ओठांवर हसू नाही. आधुनिक काळातील स्त्रीला जपानी नोटेवर असे मानाचे स्थान मिळण्याची ती पहिलीच वेळ. वीस वर्षे ही नोट जपानी लोकांच्या पाकिटात राहिली. जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या आणि तिची जागा स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या त्सुदा उमेको यांनी घेतली.

नोटेवरची ती स्त्री म्हणजे हिगुची इचियो. जपानी रीतीप्रमाणे हिगुची हे आडनाव. विसंगती अशी, की जिचा चेहरा सरकारने पैशावर छापला, तिने हयातीत पैशाचे सुख एक दिवसही पाहिले नाही. वयाच्या सतराव्या वर्षी वडिलांचे कर्ज तिच्या डोक्यावर आले आणि चोवीसाव्या वर्षी ती गेली तेव्हाही घरात देणी होतीच. टोकियोतील होंगो भागात इसेया नावाचे गहाणवटीचे जुने दुकान होते. तिथे कपडे ठेवून पैसे घ्यायचे आणि जमतील तेव्हा सोडवून आणायचे, हा हिगुचींच्या घरचा नित्यक्रम होता.

परंतु इचियोची आठवण केवळ गरिबीसाठी ठेवली जात नाही. कर्ज आणि स्त्रीचे शरीर यांचा व्यवहार कसा चालतो, हे तिने फार जवळून पाहिले, त्याच्या कडेवर उभे राहून पाहिले आणि लिहिले. जपानमधील रात्रीच्या धंद्यात बाईला नेमके काय करावे लागते, तिथे ती पोहोचते कशी आणि तिला बाहेर का पडता येत नाही, या प्रश्नांची उत्तरे आजही अनेक जपानी वाचक प्रथम इचियोच्या कथांतून शिकतात.

मुक्तीच्या वर्षातला जन्म

इचियोचा जन्म २ मे १८७२ चा. घरचे नाव नात्सु. टोकियोच्या प्रांतिक सरकारी कचेरीच्या वसाहतीत तिचा जन्म झाला, कारण वडील तिथे कनिष्ठ अधिकारी होते. हे वडील मूळचे आजच्या यामानाशी प्रांतातील शेतकरी. लग्नाला विरोध झाला म्हणून होणाऱ्या पत्नीसह गावातून पळून ते शहरात आले. बायकोने एका सरदार घराण्यात दाई म्हणून काम केले, नवऱ्याने पडेल ते कष्ट उपसले आणि दहा वर्षे पैसा पैसा साठवून १८६७ मध्ये त्यांनी सामुराई वर्गातील एक खालचे पद विकत घेतले. पुढच्याच वर्षी शोगुनांची राजवट कोसळली, मेइजी सम्राटाचे नवे शासन आले आणि सामुराईपणाची किंमत उतरू लागली. हिगुची कुटुंबाच्या नशिबाची ही जणू नांदीच होती.

ज्या वर्षी इचियो जन्मली, त्याच वर्षी जपानमध्ये आणखी एक गोष्ट घडली. पेरूचे ‘मारिया लूझ’ हे जहाज योकोहामा बंदरात आले. त्यात चिनी मजूर गुलामासारखे कोंबलेले होते. जपानी अधिकाऱ्यांनी खटला चालवून त्यांची सुटका केली. मात्र सुनावणीत जहाजाच्या कप्तानाच्या वकिलाने वर्मावर बोट ठेवले. तुमच्याच देशात मुली करारावर वेश्यागृहांना विकल्या जातात, मग आम्हाला कोणत्या तोंडाने दोष देता, असा त्याचा युक्तिवाद होता. जगापुढे सुसंस्कृत म्हणून उभे राहू पाहणाऱ्या नव्या सरकारला हा टोला लागला. १८७२ सालच्या शरदात सरकारने गणिका आणि गेशा यांच्या मुक्तीचा हुकूम काढला. पाठोपाठ न्यायखात्याच्या आदेशात असे तर्कट मांडले गेले, की या स्त्रियांनी माणूसपणाचे हक्क गमावलेले आहेत, त्या गुराढोरांसारख्या आहेत, आणि गुरांकडून कोणी कर्ज वसूल करीत नाही. सबब त्यांची देणी माफ. मुक्ती मिळाली ती अशा शब्दांत. लोक त्या आदेशाला गुरे सोडण्याचा हुकूम म्हणू लागले.

मुक्ती फार काळ टिकली नाही. वेश्यागृहांनी पाट्या बदलल्या. आता ती भाड्याने खोल्या देणारी घरे झाली. बाई स्वेच्छेने धंदा करते, मालक तिला केवळ जागा देतो, असे कागदोपत्री ठरले. बदलले नाही ते एकच, आईबापांच्या हाती आगाऊ ठेवली जाणारी रक्कम. आपल्याकडे ऊसतोड कामगार ज्याला उचल म्हणतात, तीच ही उचल. पूर्वी करार बाईच्या देहाचा होता, आता तो कर्जाचा झाला. इचियोचे सारे आयुष्य या नव्या व्यवस्थेच्या काळातच गेले.

अकराव्या वर्षी शाळा सुटली

नात्सु अभ्यासात हुशार. १८८३ मध्ये, अकराव्या वर्षी, ती वर्गात पहिली आली आणि त्याच वर्षी तिची शाळा सुटली. मुलीच्या जातीला याहून अधिक शिक्षण नको, शिवणटिपण आणि घरकाम शिकावे, असे आईचे म्हणणे होते. वडिलांना हे मनापासून पटले नव्हते. त्यांनी मुलीला काव्यसंग्रह आणून दिले आणि १८८६ मध्ये हागिनोया या काव्यशाळेत घातले. नाकाजिमा उताको या विदुषी ती चालवीत. तिथे बड्या घरच्या लेकी-सुना पारंपरिक वाका कविता शिकत. १८८७ च्या आरंभीच्या काव्यसंमेलनात साऱ्या जणी भारी किमोनो घालून आल्या होत्या. नात्सुच्या अंगावर आईवडिलांनी मिळवून आणलेले जुने कपडे होते. त्या दिवशी सर्वाधिक गुण मात्र तिच्याच कवितेला मिळाले.

हा आनंद अल्पजीवी ठरला. त्याच वर्षाच्या अखेरीस थोरला भाऊ क्षयाने गेला. दुसरा भाऊ घरापासून तुटलेला होता. त्यामुळे १८८८ मध्ये नात्सु कायद्याने कुटुंबाची प्रमुख झाली. वडिलांनी नोकरीनंतर मालवाहतुकीच्या व्यवसायात पैसा घातला, तो बुडाला, आणि जुलै १८८९ मध्ये कर्ज मागे ठेवून त्यांचाही अंत झाला. जिथे लग्नाचे बोलणे झाले होते, त्या तरुणानेही पाठ फिरवली. सतरा वर्षांची मुलगी, म्हातारी आई आणि धाकटी बहीण कुनिको, असे तीन बायकांचे घर उरले.

होंगोतील किकुझाका भागात त्यांनी बिऱ्हाड केले. शिवणकाम आणि लोकांचे कपडे धुणे यावर दिवस काढायचे. त्या काळच्या गरीब, शिकल्या-सवरल्या स्त्रीपुढे पर्याय तरी किती होते? शिक्षिका होण्यास शाळेचे प्रमाणपत्र हवे, ते नव्हते. कारखान्यातील मजुरी होती, मोलकरणीचे काम होते, कुणाची तरी ठेवलेली बाई होणे होते आणि सर्वांत शेवटी, उचल घेऊन योशिवाराचे दार होते. अशा वेळी हागिनोयातील एक मैत्रीण, तानाबे काहो, हिने कादंबरी लिहिली आणि तिला त्याचे ३३ येन मिळाल्याचे नात्सुच्या कानावर आले. लिहूनही घर चालवता येते, हा शोध तिच्यासाठी मोठा होता.

एक पत्रकार गुरू

एप्रिल १८९१ मध्ये ती नाकाराई तोसुई यांच्याकडे गेली. ते टोकियो आसाही शिंबून या दैनिकात क्रमशः कादंबऱ्या लिहीत. वाचकाला दुसऱ्या दिवशीचा अंक उत्सुकतेने उघडायला लावणे, हा त्यांचा धंदा. त्यांनी तिला कथा रचण्याचे प्राथमिक धडे दिले. मार्च १८९२ मध्ये तोसुईंनी सुरू केलेल्या ‘मुसाशिनो’ मासिकात तिची पहिली कथा आली. नाव छापले होते इचियो, म्हणजे एक पान. बोधिधर्म बोरूच्या एका पानावर उभा राहून नदी ओलांडून गेला, अशी आख्यायिका आहे. जपानी भाषेत पायांना आणि पैशांना बोलीत एकच शब्द वापरतात आणि बोधिधर्माच्या बाहुलीला तर पायच नसतात. आपल्यापाशीही पाय नाहीत, म्हणजे पैसे नाहीत, अशी कोटी इचियो या नावावरून करीत असे.

अविवाहित तरुणी एकट्या पुरुषाच्या घरी जाते, यावरून हागिनोयात कुजबुज सुरू झाली. इचियोचे मन तोसुईंकडे ओढले गेले होते, हे तिच्या डायरीतून स्पष्ट होते. जून १८९२ मध्ये तिने त्यांच्याकडे जाणे थांबवले. त्याच वर्षी ‘उमोरेगी’ ही कथा एका प्रतिष्ठित मासिकात आली, तिचे पावणेबारा येन मिळाले. मासिकांकडून पैसे असे क्वचित यायचे आणि भूक रोज लागायची. पोटासाठी लिहायचे तर मनासारखे लिहिता येत नाही, या विचाराने तिने अखेर ठरवले की पोटासाठी दुकान चालवायचे.

दहा मिनिटांत पंच्याहत्तर रिक्षा

जुलै १८९३ मध्ये तिघी जणी र्‍युसेन्जी वस्तीत राहायला आल्या. ही वस्ती योशिवाराच्या अगदी पाठीशी. योशिवारा हे सरकारी परवान्याने चालणारे वेश्यांचे नगर. १६१७ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा ते शहराच्या मध्याजवळ होते. १६५७ च्या महाभयंकर आगीनंतर ते आसाकुसाच्या मागच्या बाजूला हलवले गेले. चारी बाजूंनी काळ्या पाण्याचा खंदक. त्याला दात काळे करण्याच्या रंगावरून नाव पडले होते. आत जाण्यासाठी एक मोठा दरवाजा. दरवाजाबाहेर विलोचे एक झाड, घरी परतणारा गिऱ्हाईक तिथे पोहोचला की मागे वळून बघतो म्हणे. आतल्या बाईला मात्र परवानगीवाचून त्या झाडापर्यंतही येता येत नसे.

दिवेलागण झाली की वस्ती जागी होई. श्रीमंत गिऱ्हाईक आधी चहाघरात जाई. तिथली माणसे त्याची ऐपत जोखत, दारू आणि गाण्याबजावण्याची सोय करीत आणि मग त्याला योग्य त्या घरी पोहोचवीत. साध्या गिऱ्हाइकासाठी रस्त्याच्या कडेने लाकडी गजांच्या मागे रंगवलेल्या चेहऱ्यांच्या बायका ओळीने बसवलेल्या असत. ही पद्धत टोकियोत १९१६ पर्यंत चालू होती. दारात पोरे गिऱ्हाइकांना हाका मारत, आत मालकिणीची विश्वासू म्हातारी बायकांवर नजर ठेवी. ती बहुधा स्वतः जुनी गणिकाच असे.

धंदा केवळ शरीराचा नव्हता. गिऱ्हाईक परत यायला हवा. त्यासाठी बाईला गोड बोलता यावे लागे, दारू ओतता यावी लागे, रुसता यावे लागे आणि सुंदर अक्षरात पत्र लिहिता यावे लागे. आठवण काढणारी, वाट पाहणारी पत्रे हा कामाचाच भाग होता. बाईने कमावलेल्या पैशातून मालकाचा मोठा वाटा आधी निघे, उरलेला उचलीच्या फेडीत जाई. वर किमोनो, अंथरूण, केशरचना, प्रसाधने यांचा खर्च तिच्याच नावावर चढे. आजारी पडली तर तेही दिवस कर्जात. त्यामुळे फेड करता करता कर्ज वाढत जाणे हे नवल नव्हते, तोच व्यवस्थेचा पाया होता. सुटकेचे मार्ग मोजके होते. कराराची वर्षे पुरी करावीत, एखाद्या धनिकाने सारे कर्ज चुकते करून घेऊन जावे, नाहीतर मरावे. जवळच मिनोवा येथे जोकानजी नावाचे मंदिर आहे. वारस नसलेल्या गणिकांची प्रेते तिथे आणून टाकली जात. सुमारे २५ हजार जणींचे अवशेष तिथे विसावले असल्याचे सांगितले जाते.

इचियोच्या दुकानापुढचा रस्ता योशिवाराकडे जाणारा. आल्या आल्या एका रात्री तिने पुढून जाणाऱ्या, माणसांनी ओढायच्या रिक्षा मोजल्या. दहा मिनिटांत पंच्याहत्तर भरल्या. हा हिशेब तिने डायरीत नोंदवून ठेवला आहे.

दुकान कसले, एक छोटी खोली. सुया, दोरे, कागद, साबण, मेणबत्त्या, आणि पुढे मुलांसाठी स्वस्त गोळ्या व खेळणी. पहाटे उठून घाऊक बाजारातून माल आणणे इचियोकडे, गल्ला सांभाळणे कुनिकोकडे. कविता करणारी मुलगी पाठीवर बोचके घेऊन चालू लागली. गिऱ्हाइके मुख्यतः गल्लीतली पोरे. त्या पोरांचे आईबाप योशिवारावर जगत. कोणी रिक्षा ओढी, कोणी गणिकांचे कपडे शिवी, कोणी आतल्या घरांत हरकाम्या होता. नोव्हेंबरात ओतोरी देवळाची जत्रा भरे, तेव्हा सारी गल्ली भाग्य ओढून आणणाऱ्या बांबूच्या दाताळ्या करायला बसे. त्या दिवसांत योशिवाराची मागची दारेही उघडत आणि गर्दी आत लोटे. धंदा खंदकाच्या आतला आणि भाकर खंदकाच्या बाहेरची, असे ते गणित होते. नीतीच्या गप्पा मारायला तिथे कुणाला सवड नव्हती.

तिच्यापुढे आलेला सौदा

१८९४ च्या आरंभी समोरच तसलेच दुसरे दुकान उघडले आणि इचियोचा धंदा बसला. फेब्रुवारीत ती एका नामांकित भविष्यवेत्त्याकडे गेली. खोटे नाव सांगून तिने ओळख करून घेतली आणि भांडवलासाठी कर्ज मागितले. काही महिन्यांनी त्या गृहस्थाचे पत्र आले. आपण तिचा सारा भार उचलू, मात्र बदल्यात तिने आपल्याला देह द्यावा, असा त्या पत्राचा आशय होता.

इचियोने ती अट धुडकावली. डायरीत तिचा संताप उमटला आहे. तरीही पैशाच्या आशेने तिने तो संबंध लगेच तोडला नाही, हेही त्याच डायरीतून दिसते. तिच्या चरित्रातील हे पान काही भक्तांना अडचणीचे वाटते. वास्तविक तिचे लेखन समजून घ्यायला हेच पान सर्वाधिक महत्त्वाचे आहे. योशिवारातील मुलीपुढे आलेला सौदा आणि आपल्यापुढे आलेला सौदा यांत रकमेचा आणि शब्दांचाच काय तो फरक आहे, हे तिला त्या उन्हाळ्यात कळून चुकले. तिच्याकडे नकार देण्यापुरती जागा होती. एक बहीण, एक काव्यशाळा, थोडे नाव. पलीकडच्या मुलीकडे तेवढेही नव्हते. या जाणिवेनंतरच्या कथांत उपदेशाचा एक शब्द येत नाही.

मे १८९४ मध्ये दुकान बंद करून हिगुची कुटुंब होंगोतील मारुयामा फुकुयामा भागात आले. घराचे भाडे महिना तीन येन. हागिनोयात मदतनीस म्हणून इचियोला मिळत महिना दोन येन. हाही परिसर सोवळा नव्हता. दारूच्या गुत्त्यांची रांग होती आणि गुत्ता ही केवळ पाटी होती. योशिवारातील बाईकडे परवाना तरी होता, इथल्या बाईकडे तोही नव्हता. कागदावर ती दारू ओतणारी नोकर, प्रत्यक्षात तिने संध्याकाळी दारात उभे राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारायची, त्याला प्यायला लावायचे आणि पुढचे सारे निभवायचे. यांतील बहुतेक जणींना लिहिता येत नसे. शेजारी राहणारी शिकलेली बाई त्यांना सापडली. त्या इचियोकडे येत आणि गिऱ्हाइकांना पत्रे लिहून घेत. पत्र सांगताना बाई आपले गाव, आपले घर, आपला हिशेब सारेच सांगून जाते. इचियोने पत्रे लिहिली आणि ऐकूनही ठेवले.

चौदा महिने

डिसेंबर १८९४ ते जानेवारी १८९६ या अवधीला जपानी समीक्षक चमत्काराचे चौदा महिने म्हणतात. ज्या कथांवर इचियोची कीर्ती उभी आहे, त्या जवळजवळ साऱ्या याच काळातल्या. ‘ओत्सुगोमोरी’त दोन येनसाठी चोरी करणारी मोलकरीण आहे. ‘ज्यूसान्या’त सुखवस्तू सासर सोडून रात्री माहेरी आलेली आणि बापाने समजूत घालून परत पाठवलेली मुलगी आहे. ‘वाकारेमिची’त शिवणकाम करून कंटाळलेली आणि अखेर कुणाची तरी ठेवलेली बाई व्हायला निघालेली तरुणी आहे. ‘निगोरिए’ आणि ‘ताकेकुराबे’ या दोन कथा थेट धंद्याच्या आत उतरतात.

‘निगोरिए’ म्हणजे गढूळ पाण्याची खाडी. गुत्त्यातील ओरिकी ही त्या आळीतली सर्वांत चलाख बाई. तिच्यापायी गेंशिची नावाचा गाद्यांचा व्यापारी धुळीला मिळाला आहे आणि आता मजुरी करतो आहे. त्याची बायको घरी हलकीसलकी कामे करून पोट भरते. एके दिवशी ओरिकी त्यांच्या लहान मुलाला केक घेऊन देते आणि बायको तो केक मोकळ्या जागेत भिरकावते. त्या केकवरून संसार मोडतो. ओरिकीही सुखी नाही. गिऱ्हाइकांपुढे हसता हसता तिचे डोके फुटायला येते, एका रात्री ती मैफल सोडून रस्त्यावर निघून जाते. लहानपणी आणलेले तांदूळ घसरून गटारात सांडल्याची आठवण तिला सोडत नाही. शेवटी दोन शवपेट्या निघतात. दोघे संगनमताने मेले की त्याने तिला मारले, यावर बघे वाद घालतात आणि लेखिका गप्प राहते.

‘ताकेकुराबे’चे नायक-नायिका मुले आहेत, दुकानात गोळ्या घ्यायला येणाऱ्या मुलांसारखी. मिदोरीची थोरली बहीण योशिवारातील नामवंत गणिका. त्या कमाईवर आईबापांचे घर चालते आणि धाकटीच्या हातात खेळायला पैसे खुळखुळतात. ती ऐटीत ते उधळते. मंदिराच्या पुजाऱ्याचा मुलगा नोबू तिला आवडतो. सावकारीण आजीचा नातू शोता तिच्यामागे असतो. एकदा भांडणात दांडगट पोरगा तिच्या कपाळावर चिखलाचा जोडा फेकतो आणि बहिणीच्या धंद्यावरून तिला हिणवतो. तेव्हा पहिल्यांदा, पुढे काय वाढून ठेवले आहे, त्याची सावली पडते. मग एक दिवस तिचे केस मोठ्या बायकांसारखे बांधले जातात आणि ती हसणे, खेळणे, बाहेर येणे थांबवते. का, ते इचियो सांगत नाही. ही बाळपण संपल्याची नैसर्गिक खूण की धंद्याने तिच्यावर ठेवलेला हात, यावर १९८५ मध्ये लेखिका साता इनेको यांनी प्रश्न उपस्थित केल्यापासून जपानी समीक्षकांत मोठा वाद झाला. दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य आहे, की मिदोरी आता त्या खंदकाच्या आत जाणार. नोबू धर्मशिक्षणासाठी निघून जातो. त्याच सुमारास तिच्या दारात कुणीतरी कागदाचे नार्सिससचे फूल ठेवलेले असते.

उशिरा आलेले कौतुक

एप्रिल १८९६ मध्ये ‘ताकेकुराबे’ एकत्रित स्वरूपात प्रसिद्ध झाली. मोरी ओगाई, कोदा रोहान आणि साइतो र्‍योकु-उ या त्या काळच्या दिग्गजांनी तिची मुक्तकंठाने स्तुती केली. तरुण लेखकांची तिच्या घरी आधीपासूनच ये-जा होती. ही कीर्ती आली तेव्हा क्षयाने तिचे शरीर पोखरले होते. बाईने लिहिले म्हणून लोक कुतूहलाने बघायला येतात, ही खंत तिच्या डायरीत डोकावते. उन्हाळ्यात डॉक्टरांनी आशा सोडली. २३ नोव्हेंबर १८९६ रोजी इचियोचे निधन झाले. लष्करी वैद्यकीय अधिकारी असलेल्या ओगाईंनी घोड्यावरून अंत्ययात्रेत सामील होण्याची इच्छा कळवली होती. तो मान पेलण्याची घरची ऐपत नाही म्हणून कुनिकोने नम्रपणे नकार दिला. मोजक्या माणसांनी तिला निरोप दिला.

डायऱ्या जाळून टाक, असे इचियोने बहिणीला सांगितले होते म्हणतात. कुनिकोने त्या जपल्या. १९१२ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या आणि रिक्षांच्या मोजणीपासून गहाणवटीच्या हिशेबापर्यंत सारे जगापुढे आले. १९५३ मध्ये तिच्या तीन कथांवर इमाई तादाशी यांनी काढलेला ‘निगोरिए’ हा चित्रपट त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट जपानी चित्रपट म्हणून किनेमा जुंपो या नियतकालिकाने निवडला. १९६१ मध्ये र्‍युसेन्जीत तिचे स्मारक संग्रहालय उभे राहिले. एका स्त्रीच्या नावाने आणि ज्या वस्तीत तिने फक्त दहा महिने काढले, त्या वस्तीत.

उचल कुठे गेली?

इचियोच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १९०० मध्ये, जपानच्या सर्वोच्च न्यायासनाने गणिकेला धंदा सोडण्याचा हक्क मान्य केला. कर्ज मात्र कायम ठेवले. धंदा सोडलेल्या बाईने ते फेडायचे कशातून, याचे उत्तर कुणी दिले नाही. बाईला बांधून ठेवणारी उचल मुळातच बेकायदा आहे, हे न्यायालयाने स्पष्ट केले ते १९५५ मध्ये. १९५६ मध्ये वेश्याव्यवसायविरोधी कायदा झाला आणि १९५८ मध्ये त्याच्या शिक्षेच्या तरतुदी लागू झाल्यावर योशिवाराचे दिवे विझले. इचियो जन्मली त्या वर्षी देण्याघेण्याचे जे कलम पुसल्याचा गाजावाजा झाला होता, ते खरोखर पुसायला ऐंशीहून अधिक वर्षे लागली.

योशिवारा हे नाव आज नकाशावर नाही. परंतु त्याच रस्त्यांवर स्नानगृहांच्या नावाखाली तोच व्यवसाय चालतो. कर्जाचा धागाही तुटलेला नाही. अलीकडच्या काळात टोकियोतील होस्ट क्लबमध्ये तरुण पुरुष स्त्री-गिऱ्हाइकांना प्रेमाच्या भुलीत पाडून उधारीवर महागडी दारू पाजतात आणि ती उधारी फेडण्यासाठी त्यांना देहविक्रीकडे ढकलतात, अशा तक्रारी इतक्या वाढल्या, की जपानी संसदेला २०२५ मध्ये करमणूक-व्यवसाय कायद्यात दुरुस्ती करून या प्रकारांवर बंदी घालावी लागली. गजांच्या मागे आता कुणी बसत नाही, आईबाप करारावर अंगठा देत नाहीत. पण आधी देणे डोक्यावर चढवायचे आणि मग फेडीचा एकच रस्ता दाखवायचा, ही रीत इचियो आजही लगेच ओळखेल.

नवी नोट आली तरी जुनी बाद झालेली नाही. पाच हजारांची ती नोट जपानमध्ये अजूनही चालते. कुठल्याशा गल्ल्यात, कुठल्याशा पाकिटात, केस मागे बांधलेली ती तरुण स्त्री न हसता बघते आहे. पैसा या हातातून त्या हातात जाताना कुणाचे काय घेऊन जातो, हे तिच्याइतके फार थोड्यांनी मोजले होते.